वरच्या मॅडम आणि घड्याळातला निरोप

ये गं पोरी, अशी जवळ ये. तू पुण्यात अन् मी नांदेडात, तरी ये. कान इकडं कर आणि आधी चार बोलणी खाऊन घे. काल फोनवर काय म्हणालीस? "आजी, माझा लॅपटॉप झोपला की उठतच नाही, विकून टाकते." विकून टाकते! उठत नाही म्हणून विकायचं असतं, तर दहावीच्या वर्षी तुलाच विकलं असतं आम्ही. तुझी आई पांघरूण ओढायची, मी पाणी शिंपडायची, आजोबा रेडिओ कानाशी लावायचे, तेव्हा कुठं तुझा एक डोळा उघडायचा. तुला काय आम्ही भंगारात काढलं?

अन् हे तू बोलावंस? ज्या घराच्या माडीवर वरच्या मॅडम राहून गेल्या, त्या घरातली तू! तुला त्या अर्ध्यामुर्ध्या आठवत असतील. सुटीत यायचीस तेव्हा त्यांच्या जिन्यात बसून चिंचा खायचीस, अन् त्या तुला ओलांडून जायच्या. आता पुरत्या सांगते. हातातलं काम ठेव.

खोली बघायला आल्या तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण वेगळं आहे. उंच, काटकुळ्या, पन्नाशीच्या. सुती साडी अन् पायात पळायचे बूट. चष्मा काळ्या दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. गाव उदगीरकडचं, म्हणून बोलण्यात मधेच कानडी डोकवायचं. एखादी गोष्ट पटली नाही की 'इल्ला' म्हणायच्या, आणि मॅडम इल्ला म्हणाल्या की तो विषय तिथं संपला. नवा भाडेकरू विचारतो पाणी किती वाजता येतं, ऊन कुठून येतं. ह्यांनी मान वर करून दिव्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, इथं लाईट जाते का?"

मी खोटं कशाला बोलू? म्हणलं, "जाते की. रोज जाते."

"मधेच भुर्रकन जाऊन लगेच परत येते, तसं?"

"तसं बी होतं."

"वा!" म्हणाल्या. "खोली घेतली."

लाईट जाते म्हणून खोली घेणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. त्या गेल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "अगं, डोक्यानं बऱ्या हायत न्हवं?"

पुढं महिनाभर वरून झाकण मिटल्याचा, उघडल्याचा टप् टप् आवाज यायचा. शेवटी मी विचारलंच, "मॅडम, तुम्ही वर बसून करता तरी काय?"

"मशीन झोपवते, काकू, आणि उठवते."

"मग?"

"मग परत झोपवते."

हळूहळू मला उमगलं ते असं. सगळ्या जगातल्या माणसांनी मिळून लिहिलेली एक फुकट सिस्टीम असते. तिच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. बदामाच्या आतली गिरी म्हण ना. आपण लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो गाभा एकेकाला झोपवत जातो. आवाजाला, वायफायला, कॅमेऱ्याला. सगळ्यात शेवटी स्वतः झोपतो. झाकण उघडलं की उलट्या क्रमानं एकेकाला उठवत येतो. ह्या उठवण्यात एक जरी अडला, तरी पुढचे सगळे तसेच पडून राहतात अन् आपल्याला दिसतो नुसता काळा पडदा. असे अडलेले शोधून, गाभ्यातल्या ओळी दुरुस्त करून त्या जगाकडं पाठवायच्या, हा मॅडमचा छंद. पगार कॉलेजचा, जीव ह्यात. लाईट मधेच गेली-आली की मशीन कसं वागतं, हे आपल्याकडं आयतं बघायला मिळतं, म्हणून तर खोली घेतलेली.

"झोपवणं कुणालाही जमतं, काकू," त्या म्हणायच्या. "उठवण्यात कसब हाय."

मी म्हणलं, "मॅडम, तान्ह्या लेकराचं याच्या अगदी उलटं असतं बघा."

त्यांनी खरंच विचार केला. म्हणाल्या, "मग त्याचं कर्नल चांगलं लिहिलंय."

स्वतःही त्या गाभ्यासारख्याच वागायच्या. कॉलेजला निघताना आधी पंखा बंद, मग खिडकी, मग नळ, शेवटी कडी. आल्यावर कडी, नळ, खिडकी आणि मग पंखा. मे महिन्यात घामानं निथळत आल्या तरी पंख्याचा नंबर शेवटी. मी ओरडायची, "अहो, आधी पंखा लावा, जीव जाईल!" तर म्हणायच्या, "जो शेवटी झोपला तो आधी उठतो, काकू. मधे घुसाघुस केली की सगळं कोलमडतं."

कुणाचंही काही बिघडलं की त्यांचा एकच प्रश्न, "त्याच्या आधी काय बदललं?" आजोबांचा गुडघा धरला होता. डॉक्टरनं पट्टा दिला, मलम दिलं. मॅडम जिन्यातून उतरता उतरता म्हणाल्या, "काका, दुखायच्या आधी काय बदललं?"

"वय!" आजोबा खेकसले.

"ते रोजच बदलतं. दुसरं काय?"

आजोबा दिवसभर धुसफुसत राहिले, आणि सांजच्याला गुमान जुन्या चपला माळ्यावरून काढल्या. नव्या चपलांची एक टाच आत झुकलेली होती. तो पट्टा अजून कपाटात आहे, तुला हवा तर घेऊन जा.

दुसरी खोड अर्धं करायची. एकदा आपल्या मीटरजवळचं बटण सारखं पडायला लागलं. चढवलं की खट्, चढवलं की खट्. वायरमन म्हणाला, काकू, आख्ख्या घराची वायरिंग काढावी लागती. मॅडम वरून म्हणाल्या, "अर्धं घर बंद करा." केलं. बटण टिकलं. "म्हणजे बिघाड दुसऱ्या अर्ध्यात. आता त्याचं अर्धं." असं करत करत आम्ही सगळे देवघरापाशी येऊन थांबलो. गणपतीमागची लाल दिव्यांची माळ उंदरानं कुरतडली होती. वायरमन कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या पोटावर पाय देऊन राहिलात." मॅडमनी त्याला बसवून चहा पाजला आणि पुढं दर बिघाडाला त्यालाच बोलावलं. बिघाड मात्र स्वतः शोधायच्या.

पण त्या सहजासहजी 'दुरुस्त झालं' म्हणायच्या नाहीत. "एकदा उठलं ते नशीब, दोनदा उठलं ते योगायोग. रोज उठायला लागलं की मग बोलू." मी जेवायला दिलेल्या आमटीलाही पहिल्या दिवशी चांगली म्हणाल्या नाहीत. आठवडाभर थांबल्या.

आता घड्याळाचं सांगते, ते ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे. एकदा माझा चष्मा सापडेना, म्हणून वर जाऊन विचारलं, आज तारीख काय? त्यांनी मशीनकडं बोट केलं. जवळ जाऊन बघते तर भलतंच साल! तू सोड, तुझी लेकरं म्हातारी होतील तेव्हाचं.

"मॅडम, तुमचं घड्याळ बिघडलंय."

"इल्ला. तो निरोप हाय."

मग सांगितलं. मशीन उठता उठता अडकलं की वीज तोडून परत सुरू करावं लागतं. वीज तोडली की ते सगळं विसरतं. कुणापाशी अडकलं, हे सांगायला आत कुणीच उरत नाही. फक्त घड्याळ उरतं, कारण त्याची स्वतःची एक छोटी बॅटरी असते. म्हणून मॅडम गाभ्याला आधीच बजावून ठेवायच्या, की बाबा, एकेकाला उठवायच्या आधी त्याची खूण घड्याळात लिहीत जा. तारीख मोडली तर मोडू दे. मग मशीन मेलं तरी बेहत्तर. लगेच सुरू करायचं, आणि गाभा घड्याळ वाचून सांगतो की शेवटची खूण अमक्याची होती. म्हणजे गडी तिथंच अडला.

मला निम्मं कळलं, निम्मं नाही. खाली येऊन आजोबांना सांगितलं. जन्म गेला त्यांचा रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात. ते म्हणाले, "सोपं हाय की. ह्या स्टेशनातनं गाडी सुटल्याचं कळलंय, पुढच्या स्टेशनात पोचल्याचं कळलं न्हाई. मग गाडी दोन्हीच्या मधे शोधायची."

हे मॅडमना सांगितलं तर त्या जिना उतरून खाली आल्या, अन् म्हणाल्या, "काका, उद्यापासून माझा तास तुम्ही घ्या." आजोबा ते वाक्य अजून पाहुण्यांना ऐकवतात.

आता धाकटीकडं येते. माझी धाकटी बहीण, तुझी लातूरची आजी, तेव्हा तिथल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. धाकटी म्हणजे घड्याळाची माणूस. तिच्या मनगटावरच्या चावीच्या घड्याळावर शाळेची घंटा व्हायची. लग्नात अक्षता उशिरा पडल्या म्हणून तिनं नवरदेवाच्या बापाला फटकारलं होतं, आणि लग्न तिचं स्वतःचं होतं.

तिनं एका कंपनीकडं खेटे घालघालून वापरलेले लॅपटॉप शाळेला दान मिळवले. जिन्याशेजारची अडगळीची खोली रिकामी केली, पोरींनीच भिंती रंगवल्या, अन् कॉम्प्युटरची खोली झाली. वाडी-तांड्यावरनं एस.टी.नं येणाऱ्या पोरी त्या, घरी कुठला कॉम्प्युटर? त्या खोलीसाठी सकाळी लवकर यायच्या. सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं, आणि दृष्ट लागलीच. झाकण मिटलं की मशीन परत उठेना. पोरी पाळीपाळीनं बसायच्या, बॅटऱ्या जुन्या, लाईटचा भरवसा नाही. दोन पाळ्यांच्या मधे झाकण मिटल्याशिवाय बॅटरी दिवस काढायची नाही. मिटलं की काळा पडदा. मग बटण दाबून मारायचं, अन् पोरीनं केलेलं सगळं गेलं. एका पोरीनं मराठीचा आख्खा धडा टाईप केला होता. ती रडत धाकटीच्या टेबलापाशी उभी राहिली.

ही गोष्ट शाळेच्या समितीत गेली. अध्यक्षांना ती खोली आधीपासून संस्थेच्या कार्यालयासाठी हवी होती. ते म्हणाले, "मोठ्या बाई, दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, कबूल. पण तुमची गाय बसली ती उठायलाच तयार न्हाई! पुढच्या बैठकीला मी स्वतः झाकण उघडून बघतो. उठली तर ठीक, न्हाई तर मशीनं परत आणि खोली कार्यालयाला."

धाकटीचा फोन आला. तिचा आवाज बारीक झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "अक्का, मी यंदा रिटायर होऊन राहिले. माझ्या डोळ्यांदेखत ही खोली मिटली, तर माझ्यामागं ती कुणी उघडणार न्हाई."

मी फोन तसाच धरून जिना चढले आणि मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. धाकटी म्हणाली, "आमचा मशीनवाला म्हणतो, झोपणंच बंद करून टाका."

"उठत न्हाई म्हणून लेकराला झोपूच द्यायचं न्हाई?" मॅडम अशा काही कडाडल्या, की मी दोन पायऱ्या मागं सरले.

मग रोज संध्याकाळी फोनवर काम सुरू झालं. घड्याळात खूण ठेवायला मशीनला कसं सांगायचं, ते मॅडमनी धाकटीला शिकवलं. झाकण मिटा, उघडा. अडकलं की मारा, लगेच सुरू करा, आणि पडद्यावर अमकी ओळ येते का बघा. "तारीख वेडीवाकडी झालेली दिसेल, घाबरू नका," हेही सांगितलं. धाकटी आज्ञाधारक. सांगितलं तस्सं करायची. पण दरवेळी एकच उत्तर, "मॅडम, ओळ काही आली न्हाई."

"यायलाच पाहिजे."

"न्हाई आली, मॅडम."

मशीन बदललं, परत केलं. ओळ नाही. एक लॅपटॉप नांदेडला मागवावा म्हणलं, तर शाळेची वस्तू आवाराबाहेर न्यायला समितीचा ठराव लागतो. अन् अध्यक्ष ठराव देतील? बैठक जवळ येऊन राहिली होती. मॅडमच्या ताटात भाकरी तशीच राहायला लागली. "इल्ला," आपल्याशीच पुटपुटायच्या. "खूण जाईल कुठं?" शेवटी एका सकाळी पिशवी घेऊन, बूट घालून खाली उभ्या. "काकू, चला लातूरला."

मी धपाटे बांधले, वाती वळायला कापूस घेतला, आणि निघालो. एस.टी.त लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मॅडम मांडीवरच्या बॅगेवर दोन्ही हात ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या. अर्ध्या वाटेत एकदाच बोलल्या, "काकू, मशीन खोटं बोलत न्हाई. माणूस बी न्हाई. मग मधे कोण हाय?"

शाळेत पोचल्यावर धाकटी समजावून सांगायला लागली. मॅडमनी हात वर केला. "मला काही सांगू नका. रोज जसं करता तसं करा. मी नुसती बघते."

धाकटीनं केलं. झाकण मिटलं, उघडलं, काळा पडदा. बटण दाबून मारलं. परत सुरू केलं. आणि सुरू होता होता धाकटीचं बोट विजेसारखं एका बटणावर गेलं, निळा पडदा आला, धाकटीनं मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं आणि तारीख, तास, मिनिट, सगळं काट्यावर बसवून दिलं. मग मशीन पुढं जाऊ दिलं.

"मॅडम," आमच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "हे मधे काय केलंत?"

"काय म्हणजे? तारीख दुरुस्त केली." धाकटी ताठ उभी. "तुम्हीच म्हणालात वेडीवाकडी होते. मशीनवाल्यानं मला हे बटण शिकवून ठेवलंय. माझ्या शाळेत चुकीच्या तारखेवर काम सुरू होत न्हाई."

मी पदर तोंडात कोंबला. मॅडम बाकावर मटकन बसल्या. मग त्या हसल्या, कशा हसल्या म्हणून सांगू! माडीवर इतकी वर्षं राहिल्या, तसं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं. "अय्यो मॅडम! रोज निरोप्या दारात येऊन उभा राहतो, अन् तुम्ही त्याच्या हातावरचं लिहिलेलं धुऊन, पुसून, पावडर लावून त्याला परत पाठवता!"

धाकटीला उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग माझ्यावरच उखडली, "अक्का, तुला ठाऊक होतं तर सांगायचं न्हाईस?"

"मला काय सपान पडलं होतं, तू मशीनचं बी मनगट धरून बसलीस म्हणून?"

मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता एक करा. ते हातातलं घड्याळ काढून अक्कांकडं द्या."

पोरी, धाकटीनं ते घड्याळ आंघोळीपुरतं सोडून कधी काढलं नव्हतं. तिनं एकदा खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या वर्गात पोरी ओळीनं बसल्या होत्या. तिनं पट्टा सोडला आणि घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. मी ते पदराच्या गाठीत बांधून टाकलं.

पुढच्याच खेपेला ओळ आली. बाजूला एक बारीक खाच असते ना, कॅमेऱ्याचं कार्ड घालायची, त्या खाचेची खूण. दुसऱ्या मशीनवर केलं, तीच खूण. शाळेत त्या खाचेत कुणी कधी काडीसुद्धा घातली नव्हती. लग्नात एखादा मामा असतो बघ, ना आहेराचा, ना कामाचा, पण तो रुसून बसला की वरात पुढं सरकत नाही, तसली गत. मॅडम म्हणाल्या, त्या खाचेचाही दोष नाही. तिला झोपेतून जागं व्हायला जरा वेळ लागतो, अन् गाभा तिला उठल्या उठल्या हजेरी विचारतो. ती बोलत नाही, तर तो तिच्या तोंडाकडं बघत कायमचा उभा राहतो.

"मग उपाय?"

"तिला जरा डोळे चोळू द्यायचे. मग विचारायचं. तरी बोलली न्हाई, तर तिला सोडून पुढं जायचं. एकीसाठी सगळ्यांना अडवायचं न्हाई."

धाकटीच्या घरी मुक्काम ठेवून मॅडमनी ते लिहिलं. ओळी थोड्याच, पण त्यासाठी किती वाचलं, किती खोडलं! मग शाळेत येऊन मशीनवर चढवलं आणि मला म्हणाल्या, "काकू, तपासायला कुणीतरी पाहिजे, जे कंटाळणार न्हाई, घाई करणार न्हाई, आणि एकदा न्हाई उठलं तर मला वाईट वाटेल म्हणून लपवणार न्हाई."

मी म्हणलं, "कापूस आणलाय मी."

मग मी त्या रंगवलेल्या खोलीत बसले. झाकण मिटायचं, एक वात वळायची. तेवढ्यात मशीनला झोप लागते. झाकण उघडायचं. उठलं, की वात उजव्या हाताच्या ताटलीत. नाही उठलं, तर डाव्या. मिटायचं, वळायची, उघडायचं. पोरी येऊन बघून जायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या. मॅडम दर थोड्या वेळानं येऊन फक्त डावी ताटली बघायच्या आणि जायच्या. दिवस मावळला तेव्हा उजव्या ताटलीत दिवाळीला पुरतील एवढ्या वाती, अन् डावी ताटली लख्ख रिकामी. तरी मॅडम दुरुस्त झालं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या दुसऱ्या मशीनवर वळा."

बैठकीच्या दिवशी सगळी मशीनं झाकणं मिटून रांगेत ठेवली. अध्यक्षसाहेब आले, बाकीची मंडळी मागं. त्यांनी खरंच स्वतः झाकण उघडलं. उजेड झाला. त्यांनी मिटलं, खिडकीपर्यंत जाऊन आले, परत उघडलं. परत उजेड. मग पुढचं, त्याच्या पुढचं. धाकटीचा चेहरा फुलत चालला, अन् अगदी शेवटचं झाकण उघडलं तर काळंठिक्कर! धाकटीचा हात आपसूक रिकाम्या मनगटावर गेला.

मॅडम शांतपणे पुढं झाल्या, वाकून बघितलं. "इल्ला. ही झोपलेली न्हाई, उपाशी हाय. बॅटरी उतरलीय, झोप टिकेल एवढीच उरलीय. जेवायला घाला." वायर लावली, थोडं थांबलो, अन् मिटण्याआधी जिथं होतं तिथूनच मशीननं परत डोळे उघडले. कुण्या पोरीनं काढलेलं मोराचं चित्र तसंच्या तसं पडद्यावर, पिसारा अर्धा रंगवायचा राहिलेला.

अध्यक्षांनी मोराच्या अर्ध्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मोठ्या बाई, गाय उठली तुमची."

"नुसती उठली न्हाई साहेब," धाकटी म्हणाली, "दूध बी देऊन राहिली."

खोली राहिली. कार्यालयाला त्यांनी गच्चीवरची जागा घेतली. सगळे गेल्यावर धाकटीनं घड्याळ मागितलं. मी पदराची गाठ सोडली, तर चावी दिली नव्हती म्हणून ते कधीचं थांबलेलं. "मॅडम, किती वाजले?" तिनं विचारलं. तिनं दुसऱ्याला वेळ विचारलेली ती पहिली खेप असेल. मॅडमनी एका मशीनकडं बोट केलं. तिथं भलतंच साल, भलताच महिना. धाकटी इतकी हसली, की शिपाईण धावत आली.

पण मॅडमचं काम तिथं संपत नव्हतं. तेवढी मशीनं उठून काय उपयोग? तसली खाच असलेली मशीनं जगभर असतील. ती दुरुस्ती गाभ्यात जायला पाहिजे, आणि गाभ्यात काही घालायचं तर तिकडची जाणती माणसं आधी चाळणीत घालतात. मॅडमच्या ओळी परत आल्या. समोरच्यानं विचारलं होतं, थांबायचं ते इतकंच का, जास्त का नाही? मॅडमनी दुरुस्त करून धाडल्या. परत आल्या. मला राग आला. "कोण मेला तो? आपण एवढ्या वाती वळल्या अन् हा चुका काढून राहिला!"

मॅडम म्हणाल्या, "काकू, हा माणूस मला ओळखत न्हाई. कधी भेटणार बी न्हाई. तरी माझ्या चार ओळींवर बसून एवढा विचार केला त्यानं. ह्याच्यापेक्षा मोठा मान कुठला?" आणि बसल्या परत लिहायला.

शेवटी मान्य झाल्या तेव्हा मॅडम जिन्यातून हाक मारत उतरल्या. त्या लोकांत एक रीत आहे. दुरुस्तीच्या खाली नावं घालतात. लिहिली कुणी, बिघाड कळवला कुणी, तपासली कुणी. मॅडमनी पाठवायच्या आधीच मला विचारलं होतं, "काकू, तपासलं तुम्ही. तुमचं नाव घालू?"

"माझं? अहो, मी सातवीत शाळा सोडलेली बाई."

"शाळा विचारत न्हाईत तिथं. पण नाव घातलं की जबाबदारी येते. खरं सांगा, प्रत्येक वेळी उठत होतं?"

मी डोळे मिटून दोन्ही ताटल्या आठवल्या. म्हणलं, "हाव. प्रत्येक वातीला."

तर पोरी, त्या दिवशी मॅडमनी मशीन माझ्यापुढं धरलं. इंग्रजी अक्षरं मी औषधांच्या डब्यांवरनं अन् स्टेशनांच्या पाट्यांवरनं शिकले, तेवढी पुरली. लिहिणाऱ्यांत मॅडम, कळवणाऱ्यांत धाकटी, आणि तपासणाऱ्यांत मी. नाव, आडनाव, सगळं. जगातल्या कुठल्या तरी देशात, त्या खाचेचं मशीन कुणीतरी उघडतं अन् ते गपकन उठतं, तेव्हा त्या माणसाला ठाऊक नसतं की ह्यात नांदेडच्या एका म्हातारीच्या वातीसुद्धा लागल्यात. मला ठाऊक आहे, बास झालं. त्या वाती मी दिवाळीला लावल्या, पण एक ठेवून दिली आहे, देवघरातल्या डबीत.

मॅडम रिटायर झाल्यावर धाकटीनं त्यांना लातूरला ओढून नेलं. माझी सोन्यासारखी भाडेकरू सख्ख्या बहिणीनं पळवली! आता दोघी मिळून त्या खोलीत पोरींना शिकवतात. बिघाड झाला की पोरी म्हणे एकमेकींना विचारतात, "त्याच्या आधी काय बदललं?" अन् पटलं नाही की चक्क 'इल्ला' म्हणतात. माडीवरची खोली मी दुसऱ्या कुणाला दिली नाही. मॅडम मधून मधून येतात, कडी, नळ, खिडकी, पंखा असं सगळं क्रमानं उठवतात, आणि आता इथं लाईट पूर्वीसारखी जात नाही म्हणून कुरकुर करतात.

म्हणून सांगते, तो लॅपटॉप विकू नकोस. बिघडायच्या आधी काय बदललं ते आठव. घड्याळात भलतंसलतं साल दिसलं, तर शहाणपणानं दुरुस्त करायला जाऊ नकोस, तसंच घेऊन ये. मॅडम आणि धाकटी ह्या महिन्यात इकडं येणार आहेत. तू झाकण मिटायचं, मी वात वळीन, तू उघडायचं. दोन्ही ताटल्या घासून ठेवल्यात, कापूसही आणलाय. ये बाई लवकर.